तेराव्या वर्षी गाव सुटलेल्या मुलाला संघात घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या बदलीमुळे एक कुटुंब जूनमध्ये लातूरच्या औसा तालुक्यातून चिंचवडला आलं. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. गावात दिवे लागेपर्यंत बाहेर उंडारणारा हा मुलगा आता शाळेतून आला की मोबाइल घेऊन आतल्या खोलीत बसतो. वर्गात त्याच्या बोलण्याला मुलं हसतात, डबा तो एकटाच खातो. आई विचारते, "त्याला एखाद्या संघात घालावं का? खेळात तो फार हुशार नाही. निवड झाली नाही तर आणखी खचेल अशी भीती वाटते. आणि मित्र असे ठरवून मिळतात का? धाकटी मुलगी सहावीत आहे, तिचं ठीक चाललंय."

नमस्कार ताई.

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि गेली चोवीस वर्षं संध्याकाळी खो-खोच्या मैदानावर मुलांना शिकवतो. तुमच्या प्रश्नाचं छोटं उत्तर आधी देतो. हो, घाला. फक्त त्याला संघात घालायचं असं मनात धरू नका, मैदानावर घालायचं असं धरा.

संघ म्हटलं की निवड आली, बारा नावांची यादी आली, स्पर्धा आणि प्रमाणपत्र आलं. मैदान म्हणजे रोज साडेपाचला जमणारी तीस-चाळीस पोरं. त्यातली निम्मी कधीच कुठल्या यादीत येणार नसतात, तरी पावसाचे दिवस सोडले तर एक दिवस चुकवत नाहीत. ती का येतात हे मी इतकी वर्षं पाहतोय, आणि तुमच्या मुलाला आज तेच हवंय. निवडीचा विषय चांगल्या मैदानावर पहिले सहा महिने निघतही नाही, त्यामुळे ती काळजी तूर्त बाजूला ठेवा.

आधी त्याच्या एकटेपणाबद्दल थोडं बोलतो, कारण तुमच्या लिहिण्यात "त्याला मित्रच करता येत नाहीत" असा सूर आहे. माझं मत वेगळं आहे. गावात त्याला मित्र करावे लागलेच नाहीत. शेजारचा, चुलत्याचा, शाळेतला आणि विहिरीवर पोहायला सोबत येणारा, ही सगळी तीच तीच पोरं होती. कळायला लागलं तेव्हापासून ती त्याच्याभोवती होती. अनोळखी मुलाजवळ जाऊन पहिलं वाक्य बोलायचं काम त्याला आयुष्यात कधी पडलेलंच नाही. ते आता तेराव्या वर्षी पडलंय, आवाज फुटायच्या वयात, आणि तेही तोंड उघडलं की लोक हसतात अशा वर्गात. तो खोलीत जाऊन बसतो यात त्याचा दोष नाही, आणि त्याच्यात काही कमीही नाही. त्याला अशी जागा हवी जिथे पहिलं वाक्य बोलावंच लागत नाही.

मैदान ही तशी जागा आहे. तिथे आधी पळायचं असतं, बोलणं मागाहून येतं.

खेळ कोणता, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते ते महत्त्वाचं आहे. शहरात हल्ली मुलांना तीन पर्याय दिसतात. एक म्हणजे टर्फ. तासावर भाड्यानं मिळतं, दहा-बारा जण पैसे काढतात आणि फुटबॉल किंवा क्रिकेट खेळतात. मजा असते, पण टर्फवर जायला आधी दहा मित्र लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत त्याला तिथे दार नाही. दुसरा पर्याय सोसायटीतलं क्रिकेट. तिथे नवा मुलगा पार्किंगच्या टोकाला चेंडू आणायला उभा राहतो आणि त्याची बॅटिंग येईपर्यंत अंधार पडतो. लहानपणी लिंबूटिंबू असण्यात कमीपणा नसतो. तेराव्या वर्षी तो डोळ्यांत पाणी आणतो. तिसरा पर्याय क्लब किंवा मंडळाचं मैदान, जिथे रोज ठरलेल्या वेळी कबड्डी, खो-खो, हँडबॉल, व्हॉलीबॉल असं काहीतरी चालतं. फी बहुतेक ठिकाणी नावापुरती असते. मी तिसऱ्याच्या बाजूचा आहे. त्यातही तुमच्या मुलासाठी खो-खो किंवा कबड्डी म्हणेन, कारण हे खेळ त्यानं गावातल्या शाळेत नक्की खेळलेले असणार. चिंचवडमध्ये त्याला सगळंच नवं आहे. निदान एक गोष्ट अशी असू दे जी तो घरून घेऊन आलाय. खो-खोचे सुरुवातीचे नियम 1914 च्या सुमारास पुण्यातच, जिमखान्यावर बांधले गेले, पण तो खेळ वाढला तो तालुक्याच्या गावांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारतानं नेपाळला हरवून तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. तेव्हापासून मैदानावर चौकशी करणारे पालक वाढलेत. त्याचा मला आनंद आहे, पण तुमच्या मुलाचा विश्वचषकाशी संबंध नाही. त्याचा संबंध आहे खो-खोच्या एका साध्या नियमाशी.

मधल्या पाटीवर आठ गडी आपापल्या चौकोनात उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे तर शेजारच्याचं तिकडे. नववा समोरच्या संघाच्या गड्यामागे पळतो. पळणाऱ्याला एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. ज्याला बाद करायचं तो समोरचा गडी, म्हणजे संरक्षक, मात्र मोकळा आहे, तो हुलकावणी देऊन सहज पलीकडे जातो. म्हणजे कितीही वेगवान पोरगा असला तरी एकट्यानं त्याला गडी बाद करता येत नाही. त्याला कुणाच्या तरी पाठीवर थाप मारून "खो" म्हणावंच लागतं. आणि खो दिला की ज्याला उठवलं त्याच्याच जागी आपण बसायचं. चौकोन रिकामा राहत नाही. बसलेला गडी खो मिळण्याआधी उठूही शकत नाही, आधी उठला तर नियमभंग.

यात चेंडू नाही, त्यामुळे कुणी चेंडू अडवून धरत नाही. "त्याला पास देऊ नका, तो घालवेल" असं कुणी म्हणू शकत नाही, कारण समोरचा गडी ज्या चौकोनाशी वळला त्या चौकोनात जो बसलाय त्यालाच खो द्यावा लागतो, मग तो नवा असो की जुना. एका आक्रमणात नव्या मुलाच्या पाठीवरही कितीतरी वेळा थाप पडते. विचार करा, जून महिन्यापासून तुमच्या मुलाला आईवडिलांखेरीज कुणी हात तरी लावलाय का? कुणी त्याच्या भरवशावर काही सोडलंय का?

एक गोष्ट सांगतो, जी मला प्रशिक्षणवर्गात कुणी शिकवली नाही. नव्या मुलाचा अंदाज मी त्याच्या पायांवरून घेत नाही, त्याच्या "खो"वरून घेतो. एकट्या पडलेल्या मुलाचा खो पुटपुटल्यासारखा येतो. हात पाठीला लागतो न लागतो, आवाज ओठांतच राहतो. बसलेला गडी उठत नाही, कारण त्याला ऐकूच येत नाही. पंच शिट्टी मारतो. मी त्या मुलाला ओरडत नाही, पुन्हा द्यायला लावतो. दोन वर्षांपूर्वी धाराशिवकडचा एक मुलगा असाच आला होता, साधारण तुमच्या मुलाच्याच वयाचा. पहिले पंधरा दिवस त्याचा खो मला सीमारेषेवर ऐकू यायचा नाही. पाय चांगले होते, पण थाप मारताना तो हात मागे घ्यायचा, जणू समोरच्याला विचारतोय, लावू का हात? तिसऱ्या आठवड्यात एक दादा त्याच्यापुढच्या चौकोनात बसायचा. बारावीतला, आडदांड. तो रोज मान न वळवता म्हणायचा, "अरे जोरात मार की, मोडत नाही मी." दीड महिन्यानं एका संध्याकाळी मी खांबापाशी फक्की टाकत होतो आणि पाठीमागून असा एक खो ऐकू आला की मी वळून पाहिलं, कुणाचा म्हणून. त्याचाच होता. त्या दिवशी त्यानं कुणाला बाद केलं की नाही ते मला आठवत नाही.

कबड्डीतही असाच एक नियम आहे. बाद होऊन बाहेर बसलेला खेळाडू आपल्या साथीदारानं समोरचा गडी बाद केला की पुन्हा आत येतो. बाहेर बाकावर बसून "मला आत घे रे" असं मनात म्हणत चढाई बघणं आणि मग खरंच आत जाणं, यातून मुलांमध्ये जे तयार होतं ते भाषणांनी होत नाही. शिवाय बचावात साखळी धरताना एकमेकांचे हात घट्ट धरावे लागतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना एरवी मित्राचा हात धरायची लाज वाटते, मैदानावर वाटत नाही.

आता "मित्र ठरवून मिळतात का" याकडे येतो. मित्र ठरवता येत नाही, पण तास ठरवता येतात. अमेरिकेतल्या कॅन्सास विद्यापीठाचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला गेलेली माणसं आणि कॉलेजात नव्यानं आलेली मुलं यांना त्यांनी विचारलं, की ओळख झालेल्या माणसासोबत किती वेळ घालवल्यावर तो मित्र वाटू लागला. साधारण 50 तासांत ओळखीचा माणूस जुजबी मित्र होतो, 90 तासांच्या आसपास मित्र, आणि जिवाभावाचा व्हायला 200 तासांहून जास्त लागतात, असं त्यात दिसलं. ती माणसं तुमच्या मुलाहून मोठी होती, तरी हे आकडे वाचले तेव्हा मला माझंच मैदान दिसलं. आमचा सराव दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे साडेसात तास. 90 तास भरायला बारा आठवडे लागतात. मी कितीतरी वर्षं पालकांना सांगत आलोय, "तीन महिने द्या, मग बोलू." तो अंदाज होता, पण अंदाज बरोबर निघाला. तुमचा मुलगा दुसऱ्या आठवड्यात घरी येऊन "मला नाही जायचं, तिथे माझं कुणी नाही" म्हणेल. बहुतेक सगळेच म्हणतात. तेव्हा त्याचे पंधरा तास झालेले असतील.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त पटते. नुसतं कामानिमित्त एकत्र घालवलेले तास फारसे मैत्रीकडे नेत नाहीत. एकत्र रेंगाळण्याचे, गप्पांचे तास नेतात. मैदानावर हे रेंगाळणं सरावाच्या आधी आणि नंतर होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात मातीला पाणी मारावं लागतं, नाहीतर धूळ उडते आणि सूर मारणाऱ्याची कातडी सोलते. पाइप धरायला एक, पाइपची गाठ सोडवायला एक आणि "अरे इकडे राहिलं" म्हणून ओरडायला चार. मग दोरी लावून मैदान आखायचं, फक्की टाकायची, खांब हलतोय का पाहायचा. ही कामं मी मुद्दाम नव्या मुलांना देतो, आणि एकट्याला कधीच देत नाही. दोरीचं एक टोक नव्याकडे, दुसरं जुन्याकडे. दोरी ताणलेली हवी असेल तर दोघांना एकमेकांकडे बघावंच लागतं. "थोडं डावीकडे," "हां, बस्स," इतकंच बोलणं होतं. पण आठ दिवस तेवढं झालं की नवव्या दिवशी जुना विचारतो, "राहतोस कुठं?"

म्हणून माझी एक विनंती आहे. त्याला रोज गाडीवरून सोडायला आणि आणायला जाऊ नका. पहिला आठवडा जा, रस्ता दाखवा. नंतर त्याला चालत किंवा सायकलवर येऊ द्या. सराव सुटल्यावर पोरं घोळक्यानं निघतात, वडापावच्या गाडीपाशी थांबतात, दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लावतात. तो अर्धा तास मुलांना सरावाइतकाच हवा असतो. फाटकापाशी स्कूटर चालू ठेवून थांबलेली आई दिसली की मुलगा बूटसुद्धा न काढता पळतो आणि तो अर्धा तास रोज बुडतो. खिशात वीस रुपये द्या. अंधाराची काळजी असेल तर सरांना विचारा, त्याच बाजूला कोण राहतं. मी स्वतः नव्या मुलाला त्याच वाटेवरच्या एखाद्या दादाशी जोडून देतो.

मैदान कसं निवडायचं, यावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण सगळी मैदानं चांगली नसतात. नाव किती मोठं, भिंतीवर ढाली किती, हे पाहू नका. मुलाला न नेता एकदा स्वतः जा. साडेपाचला जाऊन अर्धा तास कडेला उभ्या राहा आणि सगळ्यांत कच्च्या मुलाकडे पाहा. तो कोण हे दोन मिनिटांत कळतं. त्याच्या वाट्याला खेळ येतो का? चुकल्यावर सर त्याला काय म्हणतात? आणि सर काय म्हणतात याहून, त्यावर बाकीची मुलं काय करतात? सर चुकीला रागावले आणि मुलं गप्प राहिली तर ठीक आहे. सरांनी त्याच्यावर विनोद केला आणि सगळे हसले, तर दुसरं मैदान शोधा. मग सरांना एकच विचारा: "ज्यांची संघात निवड होत नाही ती मुलं तुमच्याकडे किती वर्षं टिकतात?" हा प्रश्न ऐकून जो माणूस विचारात पडेल आणि मग दोन-चार मुलांबद्दल बोलायला लागेल, त्याच्याकडे मुलाला ठेवा.

हे मी चुकीतून शिकलो. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मी रोज सराव सामन्यासाठी दोन कप्तान उभे करायचो आणि त्यांना आळीपाळीनं गडी मागून घ्यायला लावायचो. पटकन व्हायचं. रोज शेवटी एकच मुलगा उरायचा. दोन्ही कप्तान एकमेकांकडे बघायचे, "घे तू," "नको, तूच घे." मला ते दिसत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं, मला वाटायचं खेळात असं चालतंच. दोन महिन्यांनी तो यायचा बंद झाला. मी त्याच्या घरी गेलो नाही. आज इतक्या वर्षांनी त्याचा चेहरा मला आठवतो आणि त्या वर्षी आम्ही जिंकलेल्या स्पर्धेचं नाव आठवत नाही. आता मी आमच्या लहानपणी गल्लीत चालायची तीच पद्धत वापरतो. सारख्या ताकदीच्या दोघादोघांच्या जोड्या पाडायच्या. जोडीनं लांब जाऊन गुपचूप दोन नावं ठरवायची, आंबा आणि फणस, वाघ आणि सिंह, काहीही. कप्तानानं नाव मागायचं, ज्याचं नाव आलं तो त्याच्या बाजूला. कुणी शेवटी उरत नाही आणि नावं ठरवताना जोडी खिदळते ते वेगळंच.

निवडीचा विषय वर्षभरानं येईलच. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा गटांत होतात, तालुका किंवा शहर, मग जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी. संघात बारा जण, त्यातले नऊ मैदानात. तीस मुलांमधून बारा निवडले की अठरा घरी रडतात, हे टाळता येत नाही आणि टाळूही नये. फक्त त्या अठरांना दुसऱ्या दिवशी मैदानावर काम असलं पाहिजे. आमचा एक मुलगा चार वर्षं कधीच निवडला गेला नाही. पाय जड होते. पण त्याचा हिशोब पक्का. त्याला मी गुणपत्रक लिहायला बसवलं. खो-खोचं गुणपत्रक सोपं नसतं. संरक्षक तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात, कोण कितव्या मिनिटाला बाद झाला, कुणी किती वेळ पळती केली, हे सेकंदासकट लिहावं लागतं. दुसऱ्या वर्षी मुलं सामना संपला की माझ्याआधी त्याच्याकडे धावायची, "माझी वेळ किती झाली?" पुढे त्यानं पंच परीक्षा दिली. आता तो शिट्टी घेऊन स्पर्धांना जातो आणि आमच्या जुन्या मुलांच्या लग्नात सगळ्यांत आधी त्यालाच निरोप जातो.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. संघ माणसाला जवळ घेतो तसाच बाहेरच्याला दूरही लोटतो. 1954 मध्ये अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात सामने लावले. चांगल्या घरांतली, साधी मुलं होती ती. थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, एका गटानं दुसऱ्याचा झेंडा जाळला, राहण्याच्या जागांवर धाडी पडल्या. नुसतं एकत्र बसवून, एकत्र जेवायला घालून ते मिटलं नाही. पाण्याचा पुरवठा बंद पडला तेव्हा बिघाड सगळ्यांना मिळून शोधावा लागला, अडकलेला ट्रक सगळ्यांनी मिळून ओढावा लागला, तेव्हा कुठे ती मुलं एकमेकांशी बोलायला लागली. सांगायचा मुद्दा असा की मैदानावरचं "आपण" हे "ते" शिवाय लवकर तयार होत नाही, आणि प्रशिक्षकाचं लक्ष नसेल तर मैदानाच्या आतसुद्धा एक "ते" तयार होतो. बहुतेक वेळा तो नवा मुलगाच असतो.

त्याच्या बोलीबद्दल म्हणून सांगतो. "काय करूलालास" असं तो बोलला की मैदानावरही मुलं हसतील. पहिल्या दिवशी त्याचं फार मनावर घेऊ नका. चिडवणं आणि छळणं यांतला फरक ओळखायची माझी खूण अशी की चिडवणारा मुलगा नंतर त्याच्याशेजारीच येऊन बसतो का आणि तोही उलट चिडवतो का, ते मी बघतो. आमच्याकडच्या त्या धाराशिवच्या मुलाची भाषा सहा महिन्यांत अर्ध्या मैदानानं उचलली होती, आणि तो यांच्या "अरे यार"ची नक्कल करायचा. तसं होत नसेल, म्हणजे एकच जण बोलतोय, बाकीचे हसतायत आणि हा खाली बघतोय, तर ते थांबवायचं काम सरांचं आहे. दोन दिवसांत त्यांना जाऊन सांगा. मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये काय चालतं तेही अधूनमधून त्याच्याशी गप्पा मारताना काढून घ्या, मोबाइल हिसकावून नको.

काही गोष्टींत मात्र तीन महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी मुलाला काढायचं. मारहाण. नव्यांकडून जुन्यांची वैयक्तिक कामं करून घेणं किंवा "रीत आहे" म्हणून कपडे काढायला लावणं. आणि एखाद्या मोठ्या माणसानं मुलाला एकट्याला खोलीत, गाडीत, मुक्कामात वेगळं बोलावणं. मी मुलांना बाहेरगावी नेतो तेव्हा कुणीही प्रशिक्षक एका मुलासोबत एकटा खोलीत राहत नाही, हे पालकांना आधी सांगतो. तुम्ही हे न लाजता विचारा. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. शंका आली तर 1098 ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांकडे तक्रार करता येते.

धाकटीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, म्हणून मी चार लिहितो. सहावीतल्या मुलीचं "ठीक चाललंय" असतं, आठवीत ते बदलतं. माझ्या मैदानावर अकरा वर्षांच्या मुली मुलांइतक्याच असतात आणि चौदाव्या वर्षी निम्म्या राहतात. खेळ नकोसा झाला म्हणून त्या गेलेल्या नसतात. पाळी सुरू झाली, मैदानावर स्वच्छतागृह नाही, हाफ पँटवर घरचे बोलले, सात वाजले की फोन येतो, ही कारणं असतात. एकीला विचारलं तर ती म्हणाली, "सर, मैत्रीण यायची बंद झाली म्हणून मी पण." मुली सहसा दोघीदोघींनी गळतात. म्हणून टिकवायच्या तरी दोघीदोघींनीच, हे मी शिकलो. धाराशिव जिल्ह्याकडे पाहा. तिथे मुलींच्या खो-खोची परंपरा आहे. तिथल्याच सारिका काळे भारताच्या कर्णधार झाल्या आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरची गरिबी असूनही त्या मैदानावर टिकल्या. तुमच्या धाकटीलाही भावासोबत पाठवा. ती लवकर रमेल आणि त्यालाही संध्याकाळी निघायला एक कारण मिळेल.

समजा तीन महिने झाले आणि त्याला खरंच आवडलं नाही. तर ओढू नका. काही मुलांना अंगाला अंग लागणारा खेळ सोसत नाही. त्यांच्यासाठी मल्लखांब आहे. तिथे खांबावर एकटाच चढायचं, पण खाली उभे राहणारे, तेल लावणारे, "पाय ताण" म्हणणारे दहा जण असतात. धावणं आहे, पोहणं आहे, गणपतीच्या दिवसांत ढोलपथकाचा सराव आहे. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, तीच ती माणसं आणि हाताला काम, एवढं जिथे असेल तिथे त्याला जाऊ द्या.

दोन वर्षांनी तो दहावीत जाईल आणि घरात कुणीतरी म्हणेलच, "आता वर्षभर खेळ बंद." तेव्हा माझी आठवण काढा. आठवड्याचे पाच दिवस दोनावर आणा, स्पर्धा सोडू द्या, पण मैदान पूर्ण तोडू नका. दहावीच्या वर्षी मुलाला मित्रांची गरज सर्वांत जास्त असते आणि नेमके तेव्हाच आपण त्याचे मित्र काढून घेतो. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, खेळाचे वाढीव गुणही मिळतात, हे नातेवाइकांना सांगायला उपयोगी पडतं. मुलापुढे मात्र ते काढू नका. गुणांसाठी येणारी मुलं मला ओळखू येतात. प्रमाणपत्र हातात पडलं की ती दिसत नाहीत.

या शनिवारी तुम्ही एकट्या जाऊन दोन मैदानं बघून या. सोमवारी त्याला "तुला खेळायला पाठवणार आहोत" असं सांगू नका. "बघून येऊ, नाही आवडलं तर परत" असं म्हणा, आणि बघायला गेलात की सरांना हळूच सांगून ठेवा की याला फक्कीच्या दोरीचं टोक धरायला बोलवा. नवे बूट, नवा ट्रॅकसूट आत्ता घेऊ नका. मातीवर बरीच मुलं अनवाणीच पळतात, आणि कोऱ्या कपड्यांतला नवा मुलगा लांबून उठून दिसतो. पाण्याची बाटली मात्र मोठी द्या, दोन लिटरची. पहिल्या आठवड्यात कुणीतरी ती मागतंच.